संपावरच्या बायका आणि माझ्या हातातला माइक

अमेरिकेहून परत आल्यापासून सोसायटीतल्या बायका एकच विचारतायत, "नायगारा पाहिला का?" नाही पाहिला. मी मिसिसिपी राज्यातल्या एका गावात, हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यासमोर, हातात सात फुटी काठी धरून पाच दिवस उभी होते. हे सांगितलं की समोरची बाई विचारते, "बरं, हवा कशी होती?" हवा वाईट होती. बाकीचं इथे लिहिते.

शुगर लँड

माझी धाकटी बहीण नीलिमा टेक्सासमध्ये शुगर लँडला राहते. गावाच्या नावात साखर आणि हवेत इडलीपात्राची वाफ. घर एवढं मोठं की जेवायला बोलवायला एकमेकांना फोन करतात. पहिल्या तीन आठवड्यांत मी दोन मॉल, एक देऊळ आणि सहा मराठी कुटुंबं पाहिली. सहाही घरी मला कुठल्या दुकानातला आमरस बरा यावर व्याख्यान मिळालं.

नीलिमाची मुलगी रेवा तिथेच जन्मलेली, एकोणतीस वर्षांची. ती डॉक्युमेंटरी बनवते. तिचे वडील श्रीकांत तेलाच्या कंपनीत इंजिनिअर आहेत. मुलीच्या कामाचा उल्लेख ते "तिचं ते" असा करतात. रेवाला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत, आणि 'मावशी' हा शब्द मात्र असा म्हणते की तिला काहीही नाकारता येत नाही.

एका सकाळी ती स्वयंपाकघरात आली. "मावशी, हाऊ आर युवर शोल्डर्स?"

मिसिसिपीत लॉण्ड्रीतल्या बायका संपावर होत्या, बहुतेक सगळ्या कृष्णवर्णीय. रेवा त्यांच्यावर फिल्म करत होती, आणि तिच्या आवाज रेकॉर्ड करणाऱ्या मुलीचं अपेंडिक्स ऐनवेळी काढावं लागलं होतं. माइकची काठी धरायला कोणीतरी हवं होतं.

"यू वर्क्ड फॉर द विमेन इन युवर फॅक्टरी, राइट? यू'ल लव्ह देम, मावशी."

इथे एक गोष्ट सांगून टाकते. नाशिकजवळ औषधांच्या पॅकिंगच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं 'कामगार कल्याण अधिकारी' होते. त्या नावात कल्याण आहे म्हणून रेवाचा गैरसमज झाला होता. मी तो दूर केला नाही. कोणी कौतुकाने बघत असेल तर मध्येच थांबवणं मला कधीच जमलेलं नाही.

"सुलू, वेड लागलंय का तुला?" नीलिमा म्हणाली. "तिकडे कोण जातं? आम्ही तीस वर्षांत गेलो नाही."

"मग कोणीतरी जाऊन बघून यायला नको?" मी म्हटलं आणि बॅग भरली.

वाटेत

एक पूर्ण दिवस ड्राइव्ह. लुईझियानात मैलच्या मैल रस्ता पुलावरूनच जातो, खाली काळं पाणी आणि गुडघाभर पाण्यात उभी झाडं. ते सगळं फार सुंदर आहे आणि तासाभराने त्याचा कंटाळा येतो.

कंटाळा गेला तो एका पेट्रोल पंपावर. दारातच मोठ्या भांड्यात उकडलेल्या शेंगा. आपल्याच! मीठ घातलेल्या, सालीला चावा घेतला की आतलं गरम पाणी हनुवटीवरून ओघळतं तशा. मी दोन मोठे ग्लास भरून घेतले आणि सवयीप्रमाणे सालं खिडकीतून बाहेर टाकत निघाले. दोन मैलांनी रेवाच्या लक्षात आलं. तिने गाडी कडेला घेतली.

"मावशी, दॅट्स लिटरिंग."

"अगं, शेंगांची सालं आहेत. खत होतं."

तिने नुसता दरवाजा उघडला. मग मी, वय वर्षं चौसष्ट, अमेरिकेच्या हायवेच्या कडेला वाकून शेंगांची सालं वेचत होते. एक ट्रकवाला लांबलचक भोंगा वाजवून गेला. त्याला काय वाटलं असेल ते तोच जाणे.

उरलेल्या वाटेत माझं प्रशिक्षण झालं. लांब काठी, तिच्या टोकाला माइक, माइकला वाऱ्यासाठी केसाळ टोपरं. लांबून पाहिलं तर काठीला मांजर बांधल्यासारखं दिसतं. ते बोलणाऱ्याच्या डोक्यावर धरायचं, कॅमेऱ्यात दिसू द्यायचं नाही, आणि मुख्य म्हणजे धरणाऱ्याने आवाज करायचा नाही. शिंकायचं नाही. "हं" म्हणायचं नाही.

मराठी बाईला हा शेवटचा नियम म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा. आपण ऐकतो तेच मुळी तोंडाने. अगं बाई, हो का, मग काय झालं, असं म्हटल्याशिवाय समोरच्याला आपण ऐकतोय हे कळणार कसं?

कारखान्यासमोर

गावाचं नाव सांगत नाही. फिल्म येईपर्यंत रेवाने तोंड बंद ठेवायला सांगितलंय. एक मुख्य रस्ता, त्यावरची निम्मी दुकानं बंद, चर्च मोजता मोजता मी नाद सोडला. आणि एक मोटेल, त्याचे मालक नवसारीचे कांतीभाई. मी गाडीतून उतरल्या उतरल्या अख्ख्या गावाने ठरवलं की मी कांतीभाईंची बहीण. दोन दिवस मी नाकारलं. मग सोडून दिलं, कारण बहीण म्हणून मला आल्याचा चहा मिळायला लागला.

"बेन, तुम्ही या भानगडीत कशाला?" कांतीभाईंनी चहा देताना हळूच विचारलं. "कंपनीचे साहेब आपल्याकडेच उतरतात."

"मी नुसती काठी धरते," मी म्हटलं.

कारखाना म्हणजे गावाबाहेरची लांबलचक पत्र्याची शेड, एकही खिडकी नसलेली. आसपासच्या हॉस्पिटलांच्या चादरी तिथे येतात. समोर, रस्त्याच्या पलीकडे, एका मंडपाखाली घडीच्या खुर्च्या टाकून चाळीसेक बायका बसल्या होत्या. त्यांचा अकरावा दिवस होता. कंपनी शेजारच्या गावातून व्हॅनमध्ये बायका आणून काम रेटत होती. व्हॅन आत शिरताना मंडपातल्या बायका त्या बायकांना शिव्या देत नव्हत्या, नावाने हाका मारून घरच्यांची विचारपूस करत होत्या. शिव्यांपेक्षा ते जास्त लागत असावं. आतल्या बायका मान खाली घालून बसत.

त्यांच्या पुढारी मिस अर्नेस्टीन. वय एकसष्ट, इस्त्रीच्या अजस्र मशीनवर चोवीस वर्षं. ओली चादर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने कढत बाहेर येते, आणि ती दोघींनी धरून घडी घालायची. त्यांच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांच्या रेघा होत्या. तिकडे वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने कोणी हाक मारत नाही. नावाआधी 'मिस' लावतात, आपण 'ताई' लावतो तसं, फक्त पुढच्या बाजूने. पाव तासात मी 'मिस सुल्बा' झाले.

रेवाने कॅमेरा लावला. मी काठी धरली. मिस अर्नेस्टीन सांगायला लागल्या, "हॉस्पिटलच्या चादरीत काय काय येतं? रक्त, सुया. एकदा तर दातांची अख्खी कवळी आली."

"कवळी? अगं बाई!" मी म्हटलं.

"कट," रेवा म्हणाली.

दुसऱ्यांदा कवळी आली तेव्हा मी म्हटलं, "मग कोणाची होती?" तिसऱ्या वेळी रेवाने माझ्या तोंडात च्युइंगम कोंबलं. मंडपातल्या बायका हसून हसून खुर्च्यांवरून घसरायच्या बेतात होत्या. (कवळी कोणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही.)

मग हसणं थांबलं. हातमोजे पातळ, फाटले तर दुसरे मिळत नाहीत. आत पंखे नाहीत. हे सगळं वर्षानुवर्षं सोसलं होतं. पण नव्या सुपरवायझरने भिंतीवर पांढरा फळा लावला. संडासला जाताना आपलं नाव आणि वेळ लिहायची, परत आल्यावर पुन्हा वेळ लिहायची. दर शुक्रवारी तो सगळ्यांसमोर फळा वाचून दाखवायचा. लट्रीस नावाची पंचविशीची मुलगी गरोदर होती, तिचं नाव फळ्यावर साहजिकच जास्त वेळा असे. एका शुक्रवारी त्याने तिचे खेपांचे आकडे वाचले आणि वर विनोद केला.

"मी मशीन बंद करायचं लाल बटण दाबलं," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. "चोवीस वर्षं ते माझ्या हाताशी होतं, कधी शिवले नव्हते. इतकं मऊ असेल असं वाटलं नव्हतं."

"मावशी, माइक," रेवा पुटपुटली. काठी खाली आली होती.

आमच्या कारखान्यात फळा नव्हता, पितळी बिल्ले होते. एका लाइनला दोन बिल्ले, खिळ्याला अडकवलेले. बिल्ला असेल तर जायचं, नसेल तर आधीची परत येईपर्यंत थांबायचं. ते बिल्ले मी स्वतः भांडी बाजारातून घडवून आणले होते. वर नंबर कोरून घेतले होते. व्यवस्थित काम होतं ते, मॅनेजरसाहेबांनी कौतुक केलं होतं.

मी च्युइंगम चावत राहिले.

दुपारी जेवण आलं. मक्याचा पाव, डुकराच्या तुकड्यांबरोबर तासन् तास शिजवलेली पालेभाजी, आणि मक्याच्या पिठात घोळवून तळलेली भेंडी. वर चहा म्हणून बर्फ घातलेला साखरेचा पाक. भेंडी पाहून मी भावुक झाले आणि ती चिरल्यावर का धुवायची नाही, तार कशी मोडते, चिंच कधी घालायची हे सविस्तर सांगितलं. मिस अर्नेस्टीननी शांतपणे ऐकून घेतलं.

"बेबी," त्या म्हणाल्या, "ही भेंडी आमच्या पणज्यांबरोबर आफ्रिकेतून आली. तार आम्हाला ठाऊक आहे."

पत्र

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकीच्या घरी कंपनीचं पत्र आलं. दुपारी सगळ्या चर्चच्या हॉलमध्ये जमल्या. रेवाने कॅमेरा लावला, मी काठी घेऊन मध्ये उभी. लट्रीसने पत्र मोठ्याने वाचलं. आपण सगळे एक कुटुंब आहोत. कुटुंबात गैरसमज होतात. व्यवस्थापनाचं दार उघडं आहे. उद्यापासून प्रत्येकीने ठरलेल्या वेळी, एकटीने, पंधरा मिनिटांसाठी यावं, मोकळेपणाने बोलावं.

"निदान बोलायला तरी तयार झाले," मागून एकजण म्हणाली. बऱ्याच जणींनी माना हलवल्या. तेरा दिवस उन्हात बसलेल्या बायका होत्या. खांदे सैल झालेले दिसत होते.

माझे मात्र आखडले. ते पत्र मी ओळखलं. शब्दन् शब्द. मी तेच मराठीत लिहिलं होतं.



आवाजवाल्या बाईने बोलायचं नसतं. आणि बोलले तर रेवाच्या डोळ्यांतलं ते कौतुक जाणार, हेही माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू, तेच आधी आलं. मग मी विचारलं, "उद्या पहिलं नाव कोणाचं आहे?"

एकीने हात वर केला. तिच्या नवऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, असं तिची शेजारीण म्हणाली. दुसरी एकटी आई, दोन लहान मुलं. तिसरीला दोनच महिने झाले होते लागून. मिस अर्नेस्टीनचा नंबर शेवटून दुसरा. लट्रीसचा अगदी शेवटी.

"ही यादी आडनावाने केलेली नाही," मी म्हटलं. "जी आधी मोडेल ती आधी, अशी केलीय. मला माहीत आहे, कारण मी अशी यादी केलेली आहे."

मग मी सगळं सांगितलं, माझ्या सातवी-आठवीच्या इंग्रजीत. बिल्ले सांगितले. बिल्ल्यांविरुद्ध आमच्या बायकांनी काम बंद केलं ते सांगितलं. मी पत्र लिहिलं, केबिनमध्ये चहा आणि खारी ठेवली, आणि एकेकीला बोलावून तिच्या दुखऱ्या जागेवर हळूच बोट ठेवलं. चार दिवसांत लाइन सुरू झाली. ज्या बाईने काम बंद पाडलं होतं तिला मी शेवटी बोलावलं, आणि तोवर तिच्यामागे कोणीच उरलं नव्हतं.

लट्रीस उठली. सहावा महिना होता, खुर्चीला धरून उठावं लागलं. "म्हणजे ऑफिसातली ती बाई तूच."

"हो."

"मग आमचा माइक धरून काय करतेयस?" ती रेवाकडे वळली. "हिला बाहेर काढ."

रेवा माझ्याकडे बघत होती. मी काठी भिंतीला टेकवायला निघाले.

"थांब," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. "बाहेर काढायला दिवस पडलाय. मला आधी कळू दे, ऑफिसातली बाई कशाला घाबरते?"

असं मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मी विचार केला. "माझ्या केबिनमध्ये समोर एकच खुर्ची होती," मी म्हटलं. "सगळ्या एकदम आल्या असत्या तर मी काय केलं असतं, मला आजही माहीत नाही."

मिस अर्नेस्टीननी हॉलभर नजर फिरवली. भिंतीशी चर्चच्या घडीच्या खुर्च्यांची थप्पी होती.

"खुर्च्यांची काळजी नको," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी

नऊची वेळ डायलिसिसवाल्या नवऱ्याच्या बायकोची होती. पावणेनऊला बेचाळीस बायका, प्रत्येकीच्या काखेत एक खुर्ची, रस्ता ओलांडून कारखान्याच्या ऑफिसात शिरल्या. कोणी घोषणा दिली नाही. एकापाठोपाठ एक खुर्च्या उघडल्या, खटाक् खटाक् खटाक्, आणि सगळ्या बसल्या. रिसेप्शन भरलं, पॅसेज भरला, उरलेल्या बाहेरच्या पायऱ्यांवर बसल्या. रेवा आणि मी रस्त्यावर, कंपनीच्या हद्दीबाहेर. पण मिस अर्नेस्टीनच्या कॉलरला रेवाने छोटा माइक लावून दिला होता आणि माझ्या कानात हेडफोन होते.

नऊला दार उघडल्याचा आवाज आला. मग मॅनेजर म्हणाला, "मी एकीलाच बोलावलं होतं."

"हो सर," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. "पण पत्रात कुटुंब असं लिहिलंय."

"एक प्रतिनिधी आत या. बाकीच्या बाहेर थांबा."

"आम्ही बसलोय सर. तुम्हीच उभे आहात. हवी तर खुर्ची देते."

दार बंद झालं. मी रस्त्यावर उभी राहून "अगं बाई, अगं बाई" म्हणत होते आणि रेवा मला थांबवत नव्हती. तासाभरात ऑफिसच्या काचेच्या दारातून सुपरवायझर दिसला. बायकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत तो मागच्या दाराने गेला. अकराच्या सुमाराला मॅनेजर पुन्हा बाहेर आला. या वेळी त्याच्या हातात स्वतःची खुर्ची होती. ती त्याने पॅसेजमध्ये ठेवली आणि बसला.

सगळं मिळालं असं समजू नका. फळा त्याच दिवशी निघाला. दुसऱ्या आठवड्यात जाड हातमोजे आणि पंखे आले, सुपरवायझरला दुसऱ्या शेडमध्ये हलवलं. युनियनला मान्यता द्यायचं अजून घोंगडं भिजत पडलंय. आणि लट्रीस परत गेली नाही. "तिथलं मशीन मला आता बघवत नाही," ती म्हणाली. तिने एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम धरलं.

पाचव्या दिवशी आम्ही निघताना ती गाडीपाशी आली. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. विचारलं, "शेवटी बोलावलेली ती बाई, तिचं नाव काय?"

"कमल."

"तिला माहीत आहे, तू इथे काय सांगितलंस ते?"

"नाही."

"हं," लट्रीस म्हणाली आणि निघून गेली.

परतीच्या वाटेवर रेवा मराठीत म्हणाली, अडखळत, "मावशी, हॉलमधलं तुझं सगळं रेकॉर्ड झालंय. माइक तुझ्या हातात होता ना. तुझाच आवाज सगळ्यात क्लिअर आहे. तू नको म्हणालीस तर आय वोन्ट यूज इट."

घरी नीलिमा म्हणाली, "त्या परवानगीच्या फॉर्मवर अजिबात सही करू नकोस. लोक काय म्हणतील?" श्रीकांत मात्र फॉर्म वाचून म्हणाले, "तिचं ते बरंच सिरियस आहे की." मी सही केली. ती धाडसाने केली की नीलिमाला चिडवायला, हे मलाही नीट सांगता येणार नाही.

नाशिक

परत आल्यावर आठ दिवस जेटलॅगचं निमित्त पुरलं. नवव्या दिवशी मी सातपूरला गेले. कमलचं तिथे पोळीभाजी केंद्र आहे, हे मला पूर्वीपासून माहीत होतं. ती तव्यासमोर होती. पोक आलंय थोडं, नजर तीच.

"या मॅडम," ती म्हणाली. आश्चर्य नाही, राग नाही. मी पाठ करून आणलेलं सगळं बोलले, बिल्ले, पत्र, यादी, अमेरिकेतला संप, माफी. तिने तेवढ्यात चार पोळ्या भाजल्या.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्हाला वाटतं तेवढी आठवण मी तुमची काढली नाही. पोरं वाढवायची होती."

मी उठायला लागले.

"बसा की. अमेरिकेत बायकांचं काय झालं म्हणालात?"

मग मी तिला खुर्च्यांची गोष्ट सांगितली. पावणेनऊ, बेचाळीस बायका, खटाक् खटाक्. ती लाटत होती, भाजत होती, मध्येच "मग?" म्हणत होती. मॅनेजर स्वतःची खुर्ची घेऊन बाहेर आला इथपर्यंत मी पोचले तेव्हा तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर पाट ओढून बसली.

"आता परत सांगा," कमल म्हणाली. "हळूहळू. साहेबाचं तोंड कसं झालं होतं, तिथपासून."